तानी येईपर्यंत धवला नाही

चामटोलीच्या गोदूबाईशिवाय आसपासच्या गावांत आगऱ्यांचं लग्न लागत नसे. भटजी उशिरा आला तरी चालायचं, वाजंत्री रुसले तरी निभावून न्यायचं. पण धवला गाणारी धवलारीण हवीच. तिने पहिला सूर लावल्याशिवाय हळद कुटायचं मुसळही कोणी उचलत नसे. पोथी नाही, कागद नाही, सगळी गाणी तोंडपाठ. त्यात गोदूबाईची स्वतःची एक रीत होती. नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या भावाबहिणींची नावं ती ओळीने गाण्यात घ्यायची. हयात असेल त्याचंच नाव, मेलेल्याचं गाळायची. आपलं नाव कधी येतंय म्हणून मोठमोठे मिशीवाले बाप्येसुद्धा कान टवकारून बसत.

बाईला अक्षरओळख नव्हती, पण मानपान तिला वकिलाला कायदा ठाऊक नसेल इतका ठाऊक होता. त्याच मानपानाने तिचा घात केला.

तिची एकुलती एक लेक सुनंदा अंबरनाथ पश्चिमेला, हरिचंद्रच्या थोरल्या मुलाला दिली होती. नवरा मधु मस्कतला वेल्डर. रजेवर आला की पहिल्या दिवशी बॅगा उघडायचा आणि तिसऱ्या दिवशी बायकोवर हात उचलायचा. काही वर्षं सोसून सुनंदा मुलीला घेऊन माहेरी आली, प्रकरण कोर्टात गेलं. सत्त्याऐंशी साली निकाल लागला: पाच वर्षांची तानी आईकडेच राहील, बापाने रजेवर असताना रविवारी चामटोलीत येऊन तिला भेटावं, बाहेर नेऊ नये. सुनंदाने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. एक गोष्ट मात्र ती विसरली होती. संसार बरा चालला होता तेव्हा सगळ्यांनी मस्कतला जायचं ठरलं होतं, आणि तानीचं नाव बापाच्या पासपोर्टात चढवायला तिनेच सही दिली होती.

पुढच्या वैशाखात मधुच्या बहिणीचं, सरूचं लग्न निघालं. हरिचंद्र स्वतः अक्षता घेऊन चामटोलीला आला. धवला गोदूबाईनेच म्हणायचा आणि करवली म्हणून तानीने मिरवायचं, असं हात जोडून म्हणाला.

"मी नाय धाडनार," तो गेल्यावर सुनंदा म्हणाली. "कोर्टाचा कागद हाय."

"कागद कोर्टात. हलदीचा मान नाकारला तं भावकी तोंडात शेन घालील," गोदूबाई म्हणाली. "आनि मी हाय ना तिचे संगती?"

तानीला नवा परकर-पोलका घालून, गजरा माळून आजीनेच हाताला धरून नेलं. संध्याकाळी मांडव भरला. गोदूबाई डोळे मिटून गाऊ लागली. एकदा गाण्यात शिरली की तिला आजूबाजूचं भान राहत नसे, हे लग्नासाठी रजेवर आलेल्या जावयाला पक्कं ठाऊक होतं. तिने डोळे उघडले तेव्हा तानी समोर नव्हती. "आत सरूजवल निजलेय," हरिचंद्रने सांगितलं. निजलेल्या पोरीला कशाला उठवा, म्हणून ती आत गेली नाही. सकाळी आतल्या खोलीत नुसता गजरा पडला होता. पासपोर्टात नाव होतं, त्यामुळे विमानतळावर बापलेकीला कोणी अडवलं नाही. म्हणजे आजी पुढच्या अंगणात गात होती आणि मागच्या दाराने नात चोरीला जात होती! आणि हे ठाऊक असलेली माणसं तिच्या ओटीत नारळ घालत होती.

चोरी म्हटलं की लोक हसत. चौकीतल्या हवालदाराने पेन उचललंच नाही. "मावशी, बापानेच नेली ना? मग चोरी कसली?" कोंबडी गेली तर तक्रार लिहून घेतात ही माणसं! वकील म्हणाला, हुकूम खरा, पण समुद्रापलीकडे तो मानणार कोण? पासपोर्टवाल्यांनी सुनंदाचीच सही तिच्यापुढे धरली. दिल्लीला अर्ज गेले. विषय कौटुंबिक आहे, असं उत्तर आलं. कौटुंबिक म्हणे! आईच्या कुशीतून पोर उपटून न्यायची आणि तिला घरगुती बाब म्हणायचं! वर प्रत्येक टेबलाशी तोच प्रश्न: "पण हळदीला पाठवली कोणी?"

सुनंदा याचं उत्तर देत नसे. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका कारखान्यात ती पँटींना बटणं लावायला जाई आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडे. हिने आपल्याला एकदा तरी शिव्या द्याव्यात, असं गोदूबाईला वाटे.

शेवटी म्हातारीने कचेऱ्यांचा नाद सोडला. हरिचंद्रच्या दारात उभं राहून तिने सांगितलं, "माझी नात येत नाय तवर तुझे घरात धवला नाय." मग बदलापूर-वांगणीपर्यंत फिरून झाडून सगळ्या धवलारणींकडून तसा शब्द घेतला. हरिचंद्रने ते हसण्यावारी नेलं. त्याच्या घरात तेव्हा कुणाचं लग्न नव्हतं.

एक्क्याण्णव साली त्याच्या धाकट्या मुलाचं, भगवानचं लग्न ठरलं तेव्हा हसू मावळलं. हरिचंद्र लुगडी घेऊन धवलारणींच्या दारोदार फिरला, एकही येईना. मग कोणीतरी अक्कल शिकवली. कॅम्प दोनमधल्या एका दुकानदाराने पूर्वी एक लुगडं देऊन गोदूबाईला बसवून तिचे धवले टेप केले होते. हळदीच्या सकाळी हरिचंद्रने कर्णा बांधला आणि ती कॅसेट लावली.

बातमी चामटोलीला पोचायला वेळ लागला नाही. गोदूबाई अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. मांडवाच्या तोंडाशी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. नात नेली, आता गळाही नेला! तिने तडक जाऊन टेप बंद केला.

"बायांनो," ती म्हणाली, "तीन वर्सांपूर्वी मी हितंच गायले, नि माझे मागारी माझी नात चोरली. तुमी सगल्या व्हत्या. आज माझा आवाज चोरलाय. कुटा आता हलद, कुटवत आसंल तं!"

मुसळ हरिचंद्रच्या भावजयीच्या, बनूबाईच्या हातात होतं. तिने दिराकडे पाहिलं आणि ते खाली टाकलं. "पोर आना, भावजी. मशीनवर हलद नाय चढत." पाठोपाठ एकेक बाई उठली.

मुहूर्त टळला. नवरीच्या बापाने निरोप धाडला, की लेकरू आईपासून तोडणाऱ्या घरात मुलगी द्यावी का, याचा विचार करतोय. कचेऱ्यांना तीन वर्षांत न जमलेलं काम मग एका फोनच्या बूथवरून झालं. हरिचंद्रने मस्कतला फोन लावला आणि महिन्याभरात मधुने तानीला चामटोलीच्या ओट्यावर आणून उभं केलं. चौकीने तेव्हाही काही लिहून घेतलं नाही.

तानी आता नऊ वर्षांची होती. सुनंदाने जवळ ओढलं तशी ती अंग आखडून मागे सरली.

"ये कौन है?"

"तुझी आयस, बाय," गोदूबाई म्हणाली.

"झूठ! पापा बोले थे, मम्मी मर गई."

मधु पाठ फिरवून निघून गेला. सुनंदाने तीन वर्षांत पहिल्यांदा आईचा हात धरला, तो इतका घट्ट की म्हातारीच्या हातातली बांगडी पिचली.

तुळशीचं लग्न झाल्यावर भगवानचा मांडव पुन्हा पडला. गोदूबाईने शब्द पाळला. सुनंदा-तानीला घरी ठेवून ती एकटी गेली, हळद कुटताना गायली, आणि मग भावंडांच्या नावांचा धवला आला. थोरला भाऊ म्हणून पहिलं नाव मधुचं. तो फेटा बांधून पुढेच बसला होता. या खेपेला गोदूबाईने डोळे मिटले नव्हते. त्याच्याकडे रोखून बघत तिने सरूचं नाव घेतलं, मग चुलत भावंडांची घेतली, आणि धवला संपवला.

"मामी, माझं नाव ऱ्हायलं," मधु कसाबसा म्हणाला.

"मेलेल्याचं नाव मी घेत नाय," गोदूबाई म्हणाली आणि पुढच्या धवल्याला लागली.