माळढोकाचे पतंग आणि पाटलांचा उत्साह

“पतंग फुकट, मांजा फुकट, वरतून तिळगूळबी फुकट? साहेब, खरं सांगा, तुमी काय मोजाले आले?”

पार्बताबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. मी जंगल खात्याचा रेंजर, पोस्टिंग अकोल्याला. रेंजर म्हटलं की लोकांना वाटतं, हा रोज वाघाशी दोन हात करतो. मी त्या दिवशी पतंग वाटत होतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मूर्तिजापूरच्या बाजूला एका गावाच्या माळावर तीन माळढोक उरले होते. माळढोक म्हणजे जवळपास कमरेएवढा उंच पक्षी. उघड्या गवतात राहतो, मोसमात एकच अंडं घालतो आणि तेही जमिनीवर. त्यामुळे एक मेला की भरून निघत नाही. शिकारीला बंदी होती, पण जीप घेऊन येणाऱ्यांना ती कोणी सांगितलेली नसावी. तिन्ही पक्षी गावाच्या भरवशावर होते, आणि गावाचा भरवसा मला नव्हता.

पतंगांची कल्पना आमच्या डीएफओ साहेबांची. डीएफओ म्हणजे विभागाचे मोठे साहेब.

“रेंजर, पब्लिसिटी करा. संक्रांत आली. पतंगावर माळढोक काढा. गाव उडवेल, पक्षी त्यांना आपला वाटेल.”

“अन् पतंग कटला तर, सर?”

“निगेटिव्ह बोलू नका.”

अकोल्याच्या जुन्या शहरातून पतंग करून आणले. कारागिरानं काढलेला पक्षी अर्धा मोर, अर्धं बदक. मी वैतागलो. तो म्हणाला, “साब, ऊपर जाके सब परिंदे एकच दिखते.” एक पतंग मात्र माणसाच्या छातीएवढा बनवला होता, त्यावर बऱ्यापैकी माळढोक होता.

गावात कुजबुज सुरूच होती. कोणी म्हणे, ही निवडणुकीची नवी निशाणी. कोणी म्हणे, गायरान सरकारजमा होणार. बौद्धवाड्यातली पार्बताबाई नाल्याकाठी गायरानाचाच एक तुकडा कसत होती. तिची खात्री होती, आधी पतंग येतो आणि मागून मोजणीची साखळी.

खूश होते फक्त गावचे पाटील.

“साहेब, माळावरच उडवू. मोकळं रान हाये. सारं गाव मी गोया करतो, तुमी बिनघोर राहा.”

खात्याच्या कामाला इतका उत्साह मी तोवर कधी पाहिला नव्हता. आमच्या खात्यातही नाही.

“पाटील, पक्ष्यांचं एवढं प्रेम कवापासून?”

“जीवदया, साहेब. दुसरं काय?”

हे बोलताना ते उभे होते त्या अंगणात, कोपऱ्यात तितराची पिसं पडली होती. ती पिसं डोक्यातून जाईनात.

संक्रांतीला वारा उगवतीकडून होता. पाटलांनी सगळ्यांना माळाच्या गावाकडच्या अंगाला लांबच लांब ओळीत उभं केलं. म्हणाले, मांजात मांजा अडकू नये. डफडी वाजायला लागली. आभाळ पतंगांनी भरलं. आणि मला ज्याची धास्ती होती तेच सुरू झालं. पतंग कटला की पोरं नाचायची, “ओ काट! माळढोक मेला!” कपाळावर हात मारला मी. वा रे पब्लिसिटी!

दुर्बिणीतून माळ पाहिला. तिन्ही पक्षी माना ताठ करून आमच्यापासून लांब, मावळतीला, नाल्याकडे चालले होते. साहजिक होतं. डोक्यावर ससाण्यासारख्या सावल्या, मागे डफडी आणि आरडाओरडा.

तेवढ्यात नाल्याकडून पार्बताबाई आली. रागानं लालबुंद.

“मोजनी नाई म्हनता, अन् तुमची जीप सकायपासून माह्या वावराजोळ उभी! मानसं बाभयीमांगं दडून बसले. इचारलं तं बोलत नाईत!”

“बाई, मी सायकलवर आलो. माझी कुठली जीप?”

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिकारीत एक प्रकार असतो, हाका. एका बाजूनं माणसं ओळीत उभी राहून गलका करतात, जनावर दुसऱ्या बाजूला सरकतं, तिथं बंदूकवाला बसलेला असतो. इथं हाका घालत होतं खुद्द जंगल खातं, तिळगूळ वाटून!

पाटलांना शोधलं. सगळ्या ओळीत त्या एकट्याच्या हातात पतंग नव्हता. नजर नाल्यावर.

थांबा म्हटल्यानं कोणी थांबलं नसतं. संक्रांतीला पतंग खाली घ्या सांगणाऱ्याचं कोण ऐकतं? मोठा पतंग माझ्यासोबत आलेल्या फॉरेस्ट गार्डच्या हातात होता. मी चाकू काढला आणि मांजा कापला.

“कटला रे! मोठा पतंग कटला!”

आमच्याकडे कटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा. सगळं गाव सुटलं. म्हातारेसुद्धा धोतर सावरत धावले. वारा पतंगाला सरळ नाल्याकडे नेत होता.

“थांबा बे! तिकडं नोका जाऊ!” पाटील ओरडले. त्यांचं ऐकायला तिथं कोणीच उरलं नव्हतं.

माळढोक जड पक्षी, धावत धावतच हवेत उठतो. एक, दोन, तीन. इतक्यात बार झाला. धावत पोचलो तर पोरं बांधावर चढलेली. ती मधे आली म्हणून बंदूकवाल्यानं नळी उचलली होती आणि बार आभाळात गेला होता. तिन्ही पक्षी नाला ओलांडून लांब जाताना दिसले.

जीपमध्ये अमरावतीचे दोन बडे गृहस्थ. पतंग बाजूच्या बाभळीत अडकलेला, आणि तो काढायला पोरं जीपच्या बॉनेटवर चढलेली.

“आम्ही तितरांसाठी आलो होतो,” त्यातले एक म्हणाले.

“तितराला बारीक छर्रे पुरतात, साहेब. ही काडतुसं हरणाची आहेत.”

बंदुका जप्त केल्या. पंचनाम्यावर पहिली सही कोणाची? पाटलांची! गावात दुसरा रिवाज नव्हता. त्यांनी काही पाहिलं नव्हतं, हेही त्यांनी तिथंच सांगून टाकलं. पुढे वरून फोन आले आणि केसची वॉर्निंग झाली. पक्षी शेजारच्या गावाच्या माळावर दिसले. त्या वर्षी ते इकडे परतले नाहीत.

“पब्लिसिटी सक्सेसफुल?” डीएफओ साहेबांनी विचारलं.

“सर, सगळं गाव धावलं.”

संक्रांतीच्याच संध्याकाळी गावातून निघताना मी पार्बताबाईच्या वावरावर गेलो होतो. म्हटलं, “बाई, तुमच्यामुळे पक्षी वाचले. अन् मोजणी नाही, माझा शब्द.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“साहेब, तुमी भले दिसता,” ती म्हणाली. “पन आज सकाऊन पाटीलबी भलाच दिसत होता.”