घोडा कितवा आला

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी सकाळी लवकर पोचायचे, तेव्हा एक मंगोलियन बाई साफसफाई करत असायची. रोज हसायची, पण तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

जुलैत एकदा ती मोबाइल घट्ट धरून किचनमध्ये उभी दिसली. तिच्या गावी नादामच्या सणातली घोड्यांची शर्यत चालू होती. तिची आठ वर्षांची मुलगी आजोबांच्या घोड्यावरून वीस किलोमीटर माळरान तुडवत होती.

"पहिली यावी असं वाटत असेल," मी म्हटलं.

"नाही. आमच्याकडे स्वार पडला तरी घोड्याचा नंबर धरतात. मला फक्त ती घोड्यावर हवी."

फोन वाजला. ऐकता ऐकता तिने टेबलाची कड पकडली. घोडा तिसरा आला होता, पण एकटाच.

मी केलेला चहा तसाच निवला. वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. मुलगी सापडली होती, मनगट मोडलं होतं. मुलगी फोनवर रडत बोलत होती, आणि बाई एकच शब्द बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"घोडा कितवा आला, म्हणून विचारत होती. मी सांगितलं, शेवटचा. तिसरा म्हटलं असतं, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसली असती."

ते खोटं संध्याकाळपर्यंतही टिकणार नव्हतं. तिलाही ते कळत होतं.