रामोजी अण्णांच्या पाखरांबद्दल मी लिहिलेलं पत्र

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — संताप येतो म्हणून. आधी शेटचा येतो, मग माझा.

आमच्या घरातला पहिला बीएस्सी मी. वडील बेंगळुरात चिकपेठेत शिलाई मशीन चालवायचे. जयनगरात तेव्हा अजून प्लॉट आखत होते, त्या काळची गोष्ट. मी ज्यांच्या कारखान्यात नोकरीला होतो ते आमचे शेट जत्रांमध्ये नेमबाजीचे स्टॉल लावायचे — साखळीवर सरकणारी पत्र्याची पाखरं, छर्‍याची बंदूक. नवीन काही सुचवलं की त्यांचा एकच प्रश्न : "कुणाकडं रांग लागली त्याला?" अहो, सगळेच दुसर्‍याच्या रांगेची वाट बघत बसले तर पहिला स्टॉल लावणार कोण? हे मी तावातावानं बोलायचो — कँटीनमध्ये. शेटसमोर नाही.

पाखरं रंगवायचे रामोजी अण्णा. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी काचेच्या चकतीवर पाखरं रंगवली, मागं दिवा, पुढं भिंग, आणि चकती फिरवली — समोरच्या पडद्यावर पाखरं पंख हलवत उडायला लागली. बंदुकीला तार जोडलेली. नेम लागला की पाखरू विझायचं. पिसं न्‌ पिसं दिसत होती. मी चाप ओढायचा विसरलो.

आनंद झाला का मला? नाही. हे मला सुचायला हवं होतं, एवढंच डोक्यात आलं. प्रकाश आणि भिंगं कॉलेजात मी शिकलो होतो ना?

शेटनी माझं मत इंग्रजीत लिहून मागितलं. मी लिहिलं — दिवे टिकणार नाहीत. लोकांना पत्रा पडलेलाच आवडतो. असला खेळ कुठंच कुणी चालवत नाही. पहिल्या दोन गोष्टी खोट्या. तिसरी खरी होती, आणि तेवढी एकच पुरेल हे मला ठाऊक होतं.

ते पत्र शेटकडं न्यायला मी कुणाच्या हातात दिलं? अण्णांच्याच.

"काय लिहिलंत, साहेब? मला स्वल्प सांगा तरी."

"चांगलंच लिहिलंय."

"सरी, सरी, बरं झालं. शिकलेल्या माणसानं लिहिलं, झालं काम." ते जपून खिशात घालून घेऊन गेले.

आठवड्यात यंत्र भंगारात गेलं. काचा पुसून दुसरीकडं वापरल्या.

दोन वर्षांनी मद्रासच्या एका पार्टीनं तसलाच खेळ जत्रेत आणला. रांग देवळाच्या दारापर्यंत. शेटनी लगेच दोन यंत्रं मागवली आणि त्यांच्या देखरेखीला मला बसवलं — ग्रॅज्युएटचं काम म्हणे. पाखरं तीच, डोळे तेच. मग आधी काय दिसत नव्हतं शेटना? आणि मला तर दिसलं होतं.

नव्या स्टॉलची पाटी रंगवायला अण्णाच. शिडीवरून उतरून म्हणाले, "साहेब, तुम्ही तेव्हाच लिहिलं होतं. शेटनी ऐकलं नाही."

मी म्हणालो, "नाही ऐकलं."

त्या कारखान्यात आपल्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला, असं ते मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले. घरच्या प्रत्येक कार्याला बोलावून मला पहिल्या पंगतीत बसवायचे, स्वतः वाढायचे. मी जायचो. पोटभर जेवायचो.