रक्त आणि पिती यांच्यातली जागा

परवा धाकट्या नातवाच्या शाळेत गॅदरिंग होतं. एक पोरगं काळा डगला घालून, प्लास्टिकचे सुळे लावून स्टेजवर आलं आणि सगळी पोरं हसून लोळायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही का नाही हसलात?" आता तिला काय सांगू? तो डगला, ते हात पुढं करून सावकाश चालणं मी परकर नेसत होते तेव्हापासून ओळखते. आमच्या सोलापुरात गिरणीच्या चाळीत तो आला तेव्हा प्लास्टिक कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून मराठीतून गोष्ट सांगायचा. नवा खेळ लागला की रंगवलेले फलक बांधून बैलगाडी निघायची, आत हलगीवाला आणि एक ओरडणारा. तो कागद उधळायचा. मी शाळेत गेले नाही. माझी अक्षरओळख झाली ती ह्या कागदांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर.

आता अक्काचं सांगते. आमच्या शेजारच्या खोलीत एक तेलुगू विधवा राहायची, तिला सगळी चाळ अक्का म्हणे. भोंगा झाला की आई आणि आमच्या ओळीतल्या खोल्यांमधल्या बाया आपापली तान्ही पोरं अक्काच्या झोळ्यांत ठेवून गिरणीकडं पळायच्या. बाकीच्या ओळींत बाया पोराला अफूची गोळी चाटवायच्या आणि बाहेरून कडी घालून जायच्या. ती पोरं गप्प पडून असायची. आमची मात्र रडायची, हातपाय झाडायची, अक्काच्या नाकातली चमकी ओढायची. माझा भाऊ त्यांतलाच एक.

अक्काच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली होती आणि मनगटावर एक फिकट चट्टा होता. तिथं तवा लागला तरी तिला कळत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "माग चालवून वाकलं." बाया माना डोलवायच्या. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. महारोगाला आमच्याकडं रक्तपिती म्हणत, आणि तो शब्द आमच्या ओळीत कुणी उच्चारत नसे. उच्चारला असता तर पोरं कुठं ठेवायची?

त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. बाया नळावर धुणं घेऊन बसलेल्या. गाडी चाळीच्या तोंडाशी थांबली, हलगी कडाडली, कागद उधळले आणि त्यांवरचीच ओळ तो माणूस ओरडला,

"दिवसा निजती, रात्री उठती, माणसांचं रक्त पिती!"

विलायतेचा कुणी मेलेला सरदार पेटीतून उठून माणसांचं रक्त पितो, असा तो खेळ होता. पण अक्काला एवढं मराठी कुठलं? तिला त्यातला एकच शब्द कळला. प्लेगाच्या वेळी दवंडी पिटून माणसं घराबाहेर काढलेली तिनं पाहिली होती. ती दारातून आली ती नळाशीच, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि आईचा हात धरून म्हणाली, "सर्कारला कळलं की गं. मला रक्तपिती हाय म्हणून दवंडी दिलं. आता मला नेतंय."

आई हसली. खरंच हसली. "अगं बया, अक्का! शिनेमा हाय त्यो! तुमाला कोन न्हेतंय?"

"लेकरास्नी सोडून मी कुटं जाऊ?"

"कुटं न्हाय जायचं. बसा हितं."

बाकीच्याही हसल्या. मग एकीचं हसू थांबलं, मग दुसरीचं. नळाचं पाणी घागरीवरून वाहून चाललं होतं, कुणी घागर काढेना. जे कुणी बोलत नव्हतं ते अक्का स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर बोलून गेली होती.

तरी दुसऱ्या दिवशी पोरं झोळ्यांत आली. आणखी काही दिवस आली असती, कोण जाणे, महिनेही. पण तो सिनेमा जाईना. म्हणजे गेला, गाडी नव्या खेळाचे फलक लावून फिरली, पण तो सरदार आमच्यातच राहिला. बहुरूपी आला तो धनगराचं काळं घोंगडं पांघरून, बोटांना कागदाची लांब नखं चिकटवून. बाया किंचाळल्या आणि मग सुपातून दाणे घालत खिदळल्या. जत्रेतल्या तमाशात सोंगाड्यानं त्याला सावकार केला. पोरांचा तर शिवाशिवीचा खेळच बदलला. ज्याच्यावर राज्य तो रक्तपिती, त्यानं शिवलं की मेलास. सिनेमा बघितलेली घरं थोडी, पण 'रक्त पिती'ची ती आरोळी सगळ्यांना पाठ.

पोरांना रोग ठाऊक नव्हता. त्यांनी मोठ्यांच्या कुजबुजीतून एवढंच उचललं की अक्का रक्तपिती आहे. मग ती सिनेमाच्या कागदावरचीच! दिवसा दार लोटून बसते, पोरं झोळीत घेते. सगळं जुळलं की. ती पाण्याला निघाली की पोरं घोंगडं पांघरून मागं, "रक्त पिती! रक्त पिती!"

उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या बाईचं तान्हं जुलाबानं सुकत सुकत गेलं. अगदी पांढरं पडलं होतं. त्या बाईनं अक्काच्या दारात येऊन छाती बडवली, "पिलीस गं, माज्या लेकराचं रगत पिलीस!" ती बाई वाईट नव्हती. आणि ऐकणाऱ्या बायांना तिच्या तोंडून ते ऐकून सुटल्यासारखं झालं, हे मी आज सांगते. रोगाचं नाव घेतलं असतं तर इतके दिवस का ठेवलीत पोरं, हा प्रश्न आला असता. हे सोपं होतं.

एकेक झोळी रिकामी झाली. शेवटी आमचीच उरली. गिरणीतली मुकादमीण आईला म्हणाली, "तू तिच्यात पोरगं ठेवत्येस, तर उद्यापास्नं माज्या बाया तुज्याशेजारी बसनार न्हाईत." आई रात्रभर भावाला मांडीवर घेऊन बसली. सकाळी तिनं माझ्या भावाला गोळी चाटवली आणि कडी घातली.

अक्का वाट बघत दारात बसली होती. भोंगा होऊन गेला, तरी बसली.

मग एके सकाळी तिनं बोचकं बांधलं. कुंभारी गावाकडं कुणी लांबचा दीर होता म्हणे. रात्रीतून कुणी तिच्या दारावर कोळशानं लिहून ठेवलं होतं. सिनेमाच्या कागदावर 'रक्त' आणि 'पिती' यांच्यात जागा होती, बोट ठेवण्याइतकी. मी तिथं बोट ठेवूनच वाचायला शिकले होते. दारावर ती जागा नव्हती. एकच शब्द, सलग.

अक्काला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं मला जवळ बोलावलं. "काय लिहिलंय गं पोरी?"

बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या.

मी म्हणाले, "देवाचं नाव हाय, अक्का."

तिनं वाकलेल्या बोटांनी त्या अक्षरांना हात लावला, तो कपाळाला नेला आणि निघाली. कपाळावर कोळशाचा डाग तसाच होता. चाळीच्या तोंडाशी जाईपर्यंत तिला कुणी तो पूस म्हणालं नाही.