साडूभाऊ आणि आवाजाचं बटन

ऐंशीच्या दशकात सेलू गावात ज्या ज्या रेडिओचा आवाज सांगितल्याबरोबर कमी होत होता, तो माझ्या साडूंमुळे होत होता, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. रेडिओ दुरुस्त करणारे गावात आणखी दोघेतिघे होते, पण ते सबंध रेडिओ दुरुस्त करत. साडूंना सबंध रेडिओत काडीचाही रस नव्हता. स्टेशन लागत नाही, सेल लवकर उतरतात, असली तक्रार घेऊन कुणी आलं तर ते हात जोडून म्हणत, "त्ये आपलं खातं न्हाई." त्यांचं खातं एकच, आवाज लहानमोठा करायचं बटन. ते फिरवताना खरखर होते, आवाज मध्येच पळून जातो, कमी करायला जावं तर एकदम अंगावर येतो, अशी नुसती कुणकुण लागली तरी ताटावरून उठून जाणारा हा माणूस होता. आणि एकदा बटनाला हात लावला की ते सरळ झाल्याशिवाय त्या घराचा उंबरा ओलांडणं त्यांना ठाऊक नव्हतं.

पोटापाण्यासाठी ते जिनिंगमध्ये मापाडी होते. कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या, वजन सांगायचं, गाडी पुढं ढकलायची. पाठीमागं यंत्रांची घरघर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालूच. त्या घरघरीला कुठलंच बटन नव्हतं, म्हणूनच की काय, बटन असलेल्या वस्तूनं बेइमानी केलेली त्यांना सहन होत नसे. मी शाळामास्तर, त्यामुळे मला तत्त्वज्ञान ऐकवायची त्यांना विशेष हौस. म्हणायचे, "मास्तर, रेडू बंद पडला तर माणूस गप बसतंय. पण आवाज कमी व्हईना झाला की घरातली माणसंच वरडायला लागतेत. मंग त्यायला कोणतं बटन लावायचं?" यावर अक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी आणि त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणे, "आमच्या घरात समद्यांचा आवाज कमी होतो. ह्यांचा सोडून."

कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढून ते आधी रेडिओकडे जात. डोळे मिटून, कान लावून, बटन एकदा इकडे आणि एकदा तिकडे असं सावकाश फिरवत, जसा वैद्य नाडी बघतो. मग खिशातून आयुधं निघत: सायकलची ठोकून चपटी केलेली तार, कोंबडीचं पीस, डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं स्पिरिट आणि शिसपेन्सिल. त्या बाटलीमुळे परगावचे लोक त्यांना कंपाउंडर समजत. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही झरीला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, नमस्कार करून बसली, आणि साडू मात्र कोपऱ्यात सतरंजीवर यजमानांचा रेडिओ उघडून बसलेले. मुलीचे वडील शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, "पाव्हणे, पोरीला काही विचारा की." साडू मान वर न करता म्हणाले, "पोरगी लय चांगली हाय. खराबी इथं हाय." लग्न ठरलं. ठरवलं कुणी ते सांगता येत नाही, कारण रेडिओ जोडून होईपर्यंत आम्हाला तिथून हलताच येईना, आणि तेवढ्या वेळात सगळं बोलून झालं.

त्यांना अपयश येतच नसे असं नाही. वालूरच्या एका मंडपवाल्याच्या भोंग्याचं बटन त्यांनी मोठ्या मेहनतीनं दुरुस्त केलं, पण आतल्या दोन तारांची अदलाबदल झाली आणि ते उलटं चालायला लागलं. उजवीकडे फिरवलं की आवाज कमी, डावीकडे फिरवलं की मोठा. पहिल्याच सभेत वक्त्यानं हातानं खूण केली, "जरा कमी करा," आणि मंडपवाल्यानं सवयीनं बटन फिरवताच पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. साडू ते सरळ करून द्यायला तीनदा वालूरला गेले. पण मंडपवाल्याला तोवर उलट्याचीच सवय झाली होती आणि तो त्यांना भोंग्याच्या पेटीजवळ फिरकू देईना. ही बोच त्यांच्या मनातून गेली नाही.

त्यांच्या स्वतःच्या खिशात मात्र तळहाताएवढा एक ट्रान्झिस्टर असे. त्याच्या कडेला आवाजाचं दातेरी चाक होतं. "ह्ये चाक म्हंजी लोणी हाय, लोणी," असं म्हणून ते आपल्याला ते अंगठ्यानं एकदाच फिरवू देत. दुसऱ्यांदा नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. जिनिंगमध्ये गाठी उचलणारे एक हमाल होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीनंतर ते आपलं खेडं सोडून बायकोमुलांसह सेलूत येऊन राहिले होते. गृहस्थ इतकं हळू बोलत की काट्याजवळ साडूंना त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागे. ते दिवसच तसे होते. चहाच्या हॉटेलात, बसस्टँडवर नामांतराची बोलणी एक तर चढ्या आवाजात चालत, नाहीतर कुणी आत आलं की झटक्यात बंद होत. या हमालांची मुलगी संघमित्रा माझ्या वर्गात होती. लहानपणी गोवर येऊन तिचे कान गेले होते, अगदीच नाही, पण बरेचसे. कुठल्याशा शिबिरात तिला ऐकण्याचं यंत्र मिळालं होतं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, गळ्यात कापडी पिशवीत अडकवलेली, तिच्यातून कानापर्यंत गेलेली तार, आणि डबीच्या डोक्यावर आवाजाचं चाक. त्या यंत्राच्या आणि पहिल्या बाकाच्या जोरावर ती बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. डी.एड.च्या प्रवेशासाठी सोमवारी परभणीला मुलाखत होती. आणि आदल्या शनिवारी सकाळी बापलेक साडूंच्या दारात उभे राहिले. मी नेमका तिथंच चहा पीत होतो.

"जयभीम साहेब," वडील म्हणाले. "पोरीचं मशीन बिघडलंय. एक तर मुकं ऱ्हातंय, न्हाईतर कानात भोंगा वाजतोय. चाकानं काई व्हईना."

"चाकानं" हा शब्द कानावर पडताच साडूंनी कप खाली ठेवला. "जयभीम. या, बसा. बस गं माय."

यंत्र उघडलं. चाकाखालची काळी पट्टी झिजून पांढरी पडली होती. साडूंनी पिसानं झाडलं, स्पिरिटनं पुसलं, वीज वाहावी म्हणून पट्टीवर पेन्सिल घासली. यंत्र बोलायला लागलं. संघमित्रा हसली. दोन तासांनी बापलेक परत आले. पेन्सिल पुसली गेली होती. पुन्हा घासली, पुन्हा तेच. साडू उठले, टोपी घातली आणि दुपारच्या गाडीनं परभणीला गेले. तिथल्या दोन दुकानांत त्यांना एकच उत्तर मिळालं: हे मुंबईला पाठवावं लागेल, महिना लागेल. संध्याकाळी परतले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हणालो, "साडूभाऊ, आपण मुलाखत घेणाऱ्यांना चिठ्ठी देऊ. यंत्र बिघडलंय, समजून घ्या म्हणून."

ते माझ्यावर उसळले. "समजून काय घेतेत मास्तर? कानानं अधू पोरगी वर्ग कसा सांभाळंल, ह्येच समजून घेतेत! चिठ्ठी तुमच्यापाशीच ठिवा."

रविवारी सकाळी मी गेलो तर बापलेक आधीच येऊन बसले होते आणि साडूंचा ट्रान्झिस्टर जमिनीवर पालथा पडला होता. त्याच्या पोटातलं लोण्यासारखं चाक काढून साडूंनी एका बशीत ठेवलं होतं. ते म्हणाले, "चाक ते चाकच. ह्याला काय ठावं आपण कुणाच्या खिशात हाव ते." पण चाक यंत्राच्या डबीपेक्षा जाड निघालं. आत बसेना. झाकण लागेना. साडू डोकं धरून बसले. तेव्हा इतका वेळ नुसती बघत बसलेली संघमित्रा म्हणाली, "काका, आत कशाला? बाहेर बसवा." आणि तिनं वडिलांसमोर हात पसरला. वडिलांनी बंडीतून चुन्याची डबी काढली, चुना अंगणात झटकला आणि डबी धुवून आणली. त्या दिवशी त्यांनी तंबाखू खाल्ली नाही.

बेत असा होता, की चाक चुन्याच्या डबीत बसवायचं आणि तीन तारांनी यंत्राला जोडायचं. तेवढ्यात वीज गेली. तारांना कथलाचा डाख द्यायची विजेची सळई गार पडली. साडूंनी आकाशाकडे बघून वीज मंडळाला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. अक्का इतकी वर्षं या सगळ्या खटपटीवर तोंडसुख घेत आलेली. आज तीच शेगडी घेऊन आली, कोळसे फुलवले आणि जुनी लोखंडी सळई त्यात खुपसून बसली. सळई लाल झाली की ती पुढं करी, साडू डाख देत, सळई गार झाली की परत शेगडीत. बारीक तारा धरायचं काम संघमित्राचं, कारण साडूंची बोटं मापाड्याची, जाड. दुपार टळली तेव्हा डबीत सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावून, कडेला फट पाडून, चाक बसलं.

मग परीक्षा. तिनं ओठ वाचू नयेत म्हणून साडू अंगणाच्या टोकाला पाठ करून उभे राहिले.

"कापूस!"

"कापूस," ती म्हणाली.

"आता मोठा कर. गहू!"

ती गप्प. तिनं चाक उलटं फिरवलं, साडू पुन्हा "गहू!" म्हणाले, तेव्हा म्हणाली, "गहू. काका, उलटं बसलंय. वर केलं की कमी होतंय."

वालूरचा भोंगा आठवून साडूंचा चेहरा पडला. ती लगेच म्हणाली, "असू द्या काका. मला कळलं की. उलटं तर उलटं."

"बिलकुल न्हाई," साडू म्हणाले. "उद्या तिथं घाबरलीस की हात सवयीनंच जाणार. सरळच पायजे. अक्के, सळई टाक." ते बायकोला अक्का म्हणत नसत. त्या दिवशी आम्ही सगळे म्हणत होतो म्हणून त्यांच्याही तोंडून निघून गेलं असावं. अक्का लाजली, आणि सळई टाकली.

सोमवारी साडूंनी बिनपगारी सुटी घेतली. आम्ही चौघे सकाळच्या बसनं परभणीला गेलो. संघमित्रा आत गेली आणि आम्ही तिघे बाहेर लिंबाखाली बसलो. वडील डोळे मिटून बसले होते. साडूंचा अंगठा मात्र रिकाम्या खिशावर सारखा फिरत होता. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि सरळ साडूंपुढं उभी राहिली.

"काय विचारलं?" साडू.

"आधी विचारलं, या चुन्याच्या डबीत काय आहे. मी म्हणाले, सर, आवाज आहे. मग एका सरांनी तोंडापुढं कागद धरून प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं सांगितली. मग दुसरे म्हणाले, वर्गातली पन्नास पोरं एकदम ओरडली तर काय करशील?"

"मंग?"

"मी म्हणाले, आवाज कमी करीन सर. तुम्हाला ते करता यायचं नाही."

साडू इतक्या मोठ्यानं हसले की मुलाखतीच्या खोलीतून शिपाई बाहेर येऊन आम्हाला दटावून गेला. वडील मात्र हसले नाहीत. ते उठले आणि भर आवारात, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, च्या घेऊ!"

पंधरा दिवसांनी यादी लागली. तिचं नाव होतं. पुढं तिला नोकरी लागली, पहिल्याच पगारात तिनं नवं यंत्र घेतलं, आणि तिच्या वर्गातली पोरं बाईंना फसवून कुजबुजणं जमत नाही अशी तक्रार करू लागली.

साडूंचं मात्र व्हायचं तेच झालं. तीस वर्षं जिनिंगच्या घरघरीत उभा राहिलेला माणूस. निवृत्तीनंतर हळूहळू त्यांचे स्वतःचे कान गेले. त्यांनी ते कबूल केलं नाही. "लोकं आजकाल पुटपुटायलेत," म्हणायचे. पुण्याला नेऊन तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, यंत्राचा उपयोग होणार नाही. मग ते बोलायचेच कमी झाले. माणसं आली की आत जाऊन पडत.

एका उन्हाळ्याच्या सुटीत संघमित्रा सेलूला आली होती. मी गेलो तेव्हा ती ओसरीवर त्यांच्या समोर मांडी घालून बसली होती आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून एकेक शब्द म्हणत होती. साडू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत, चुकत, डोक्याला हात लावत आणि पुन्हा बघत. ती थकत नव्हती. तेही उठत नव्हते. अक्का दाराआडून बघत होती. महिनाभर हे चाललं. शाळा उघडायच्या वेळी ती गेली तेव्हा अक्काचं सगळं बोलणं त्यांना कळायला लागलं होतं, आणि ते त्याला उलट उत्तरंही द्यायला लागले होते.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढं बसून बराच वेळ काहीबाही सांगत राहिलो. त्यांनी मन लावून बघितलं, मग हताशपणे मान हलवली.

"मास्तर, तुमी मिशीत बोलायलाव. काईच वाचता येईना."

घरी येऊन मी चाळीस वर्षांची मिशी काढून टाकली. बायकोनं कारण विचारलं, तर म्हणालो, उकडतंय. त्यानंतर साडू आणखी तीन वर्षं होते, आणि त्या तीन वर्षांत आम्ही दोघे पूर्वी कधी बोललो नव्हतो इतकं बोललो. ते गेल्याला आता बराच काळ झाला. मिशी मी पुन्हा ठेवली नाही.