तार

‘आधी त्याच्या अंगावर काय हाये ते बघ,’ असं ताई मायक्रोस्कोपवरची मान न उचलता म्हणायची. नव्या माणसाला वाटे, कुणा पाहुण्याच्या कपड्यांबद्दल चाललंय. बोलणं जंतूंचं असायचं.

जालन्यातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी तिच्या हाताखाली शिकले. ताई मूळची कुंभार पिंपळगावची, शिकवायचीही तिथल्याच बोलीत. काही जंतूंच्या अंगावर भेंडीसारखं बुळबुळीत आवरण असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि ते निसटतात. मग फुप्फुसात त्यांचंच राज्य. ते ओळखायला ती प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याला बारीक सळई लावून हळूच वर उचलायची. पाकासारखी चिकट तार निघाली की गप्पा थांबवून वॉर्डात फोन लावायची.

मागच्या हिवाळ्यात तिलाच ताप भरला. शुगर जुनीच होती. तिसऱ्या दिवशी ती आमच्याच आयसीयूत, आणि तिच्या थुंकीचा नमुना माझ्या टेबलावर. दुसऱ्या सकाळी मी सळई उचलली. तार निघाली, तुटेचना.

डॉक्टरांना कळवलं. तिला मात्र सांगू नका, असं तिच्या नवऱ्याने बजावलं होतं. मी वर जायचं टाळत राहिले. शेवटी तिनेच बोलावून घेतलं.

तोंडावर आवळलेला मास्क, हाताला सलाईन, खाटेला दोन्हीकडून कठडे. तिला कूसही बदलता येत नव्हती.

‘तार निघाली का?’

अजून बघितलं नाही, मी म्हणाले.

‘बघितलंय तू. किती निघाली?’

मी अंगठा आणि बोट यांत जरासं अंतर दाखवलं. तिने माझं बोट धरलं आणि ते लांब नेलं, आणखी लांब. नजर माझ्या तोंडावर. मी मान डोलावली तेव्हा थांबली.

‘बराबर,’ ती म्हणाली. ‘आता ह्यांना आत पाठव. जल्दी.’

त्याच दुपारी तिच्या घशात नळी घातली, बोलणं बंद झालं. कोणतं औषध लागू पडेल त्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मीच नेऊन दिला. औषध बदललं. चार दिवस मी काचेबाहेरून तिची छाती यंत्राबरोबर वरखाली होताना बघितली.

पाचव्या सकाळी गेले, तर वॉर्डातल्या मावशी तिची रिकामी खाट पुसत होत्या. तिचा नवरा बाहेर बाकड्यावर बसला होता. मला बघून तो बाजूला सरकला. मी शेजारी बसले.

तो म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं म्हणून तिला माझ्याशी बोलता आलं.’