जिचं पोलकं तिलाच

अख्ख्या नागपुरात रंगांच्या तब्येतीची विचारपूस करणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या आत्याबाई. हे मी अधिकारानं सांगते; आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, हेही कुणी न विचारता सांगते. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास त्या गांधीबागेतल्या दुकानांमागे फेकलेल्या चिंध्या गोळा करून आणत, धुऊन दोरीवर वाळत घालत आणि मला म्हणत, "ह्या पिवळ्याले करमून नाही राहिलं, त्याच्याजवळ निळा बसव." "आत्याबाई, मी बी.ए. आहे," म्हटलं, तर म्हणायच्या, "बरं झालं वं, मंग सुई ओव." चित्रांचं प्रदर्शन कुठेही लागलं की पिशवीसकट हजर. एकदा एका मोठ्या चित्राला चिंध्या लावून लावून रंग जुळवत बसल्या, तेव्हा तिथला रखवालदार कळवळून म्हणाला, "बाई, हे पाहाचं चित्र आहे, शिवाचं नाही ना!"

ह्या सगळ्या खटाटोपामागे त्यांची धाकटी बहीण होती. ती कित्येक वर्षं मनोरुग्णालयात होती आणि अलीकडे बोलेनाशीच झाली होती. तिथे सगळ्या बायकांना एकसारखी पांढरी पोलकी. धुऊन आली की ढिगातून हाताला लागेल ते अंगात चढवायचं. आत्याबाईंचा सगळा राग त्या ढिगावर. त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकीसाठी वेगळं पोलकं योजलं. कुणाला चित्रातलं आभाळ, कुणाला संत्र्याच्या बहाराची पांढरी-हिरवी पट्टी, आणि खिसा मात्र सगळ्यांना. "आपलं म्हनून काही ठेवाले जागा नको?"

तिथले डॉक्टर हसले. "कपड्यानं आजार बरा होतो का हो?"

"नाही होत. पन तुमचा कोट त्या ढिगात टाकला, तं उद्या तुमाले डॉक्टर कोन म्हनन?"

डॉक्टरांनी कोटाचं बटण चाचपलं आणि एका रविवारपुरती परवानगी दिली.

त्या रविवारी बायका खिशात हात घालून अंगणभर मिरवत होत्या. एकजण तर दुसरीच्या खिशाची झडती घेत होती. बहीण तेवढी पोलकं घालून भिंतीशी उभी. आत्याबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अक्का, बाही तंग झाली वं."

"तक्रार करून राहिली माही बहीण!" आत्याबाई डोळे पुसत मला म्हणाल्या. मग बाहीची शिवण चिमटीत धरून पाहिली. अख्ख्या वॉर्डाची मापं घेतली होती, सख्ख्या बहिणीचं मात्र आठवणीतूनच कापलं होतं. भरती केली त्या दिवशीच्या पोरीच्या मापाचं.

"हात दे," म्हणाल्या आणि वितीनं तिचा दंड मोजू लागल्या. माप घेऊन झालं, तरी तिनं हात काढून घेतला नाही. आत्याबाईंनीही सोडला नाही.